एक भिंग, दोन किरण: कॉम्बो ड्राइव्ह बसवताना आणि वापरताना

अकोल्याला किंवा नागपूरला एमआरआय काढून वाशीमला परतणाऱ्या माणसाच्या हातात एक मोठा लिफाफा असतो. त्यात काळ्या फिल्म असतात, आणि पुष्कळदा सोबत कागदी पाकिटात एक सीडीही असते. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात. सीडीवर तपासणीत घेतलेली चित्रं एकामागून एक सरकवत, लहानमोठी करत पाहता येतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर खरं काम सीडीचंच असतं. पण आजच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागा नसते. मग रिसोड असो, मानोरा असो की मंगरूळपीर, घरचे लोक विचारत फिरतात: जुना कॉम्प्युटर कुणाकडे आहे?

त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बरेचदा कॉम्बो ड्राइव्ह असतो. सीडी वाचणं, सीडी लिहिणं आणि डीव्हीडी वाचणं ही तीन कामं तो करतो. २००० सालाच्या आसपास तो बाजारात आला. तेव्हा डीव्हीडी रायटर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता. सीडी रायटर आणि डीव्हीडी-रॉम वेगवेगळे घ्यायचे तर कॅबिनेटमधले दोन खण अडायचे आणि पैसेही दोनदा मोजावे लागायचे. कॉम्बोने ही अडचण सोडवली. डीव्हीडी रायटर स्वस्त होईपर्यंतची पाच-सहा वर्षं त्याचीच होती.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. नव्या जिल्ह्याचं पहिलं दशक हे सीडीचंच दशक होतं. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटरचे वर्ग दिसू लागले. लग्नाचं शूटिंग व्हिडिओ कॅसेटवरून सीडीवर आलं. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर कंपनी भारतातच कोऱ्या चकत्या बनवून जगभर विकत होती. नंतर तिने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. चकत्या मात्र घराघरांत राहिल्या. कुणाच्या कपाटात बहिणीच्या लग्नाची व्हीसीडी असेल, कुणाकडे रामनवमीच्या पोहरादेवी यात्रेचं चित्रण असेल, तर कुणाकडे आजोबांच्या आवाजातला हरिपाठ. त्यातल्या कितीतरी गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून कॉम्बो ड्राइव्ह नीट बसवता आणि वापरता येणं आजही गरजेचं आहे, असं मला वाटतं.

पुढच्या पट्टीवरचे आकडे

ड्राइव्ह विकत घेताना किंवा जुना बाहेर काढताना आधी त्याची पुढची पट्टी पाहा. कॉम्बोवर सीडी रीरायटेबल आणि डीव्हीडी-रॉम अशा दोन खुणा असतात. बरेच लोक नुसतं ‘डीव्हीडी’ वाचून कोरी डीव्हीडी आत घालतात आणि ड्राइव्ह बिघडला म्हणून दुकानात नेतात. ड्राइव्ह ठीक असतो, फक्त ते काम त्याचं नसतं.

डब्यावर ५२ × ३२ × ५२ × १६ असे चार आकडे असतात. पहिला आकडा सीडी-आर लिहिण्याचा वेग सांगतो आणि दुसरा पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचा. तिसरा सीडी वाचण्याचा आणि चौथा डीव्हीडी वाचण्याचा. चौथा आकडा लहान असल्याने डीव्हीडी हळू वाचली जात असेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात ती अधिक वेगाने वाचली जाते. सीडीचा ‘एक पट’ म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, तर डीव्हीडीचा ‘एक पट’ म्हणजे सेकंदाला सुमारे १,३८५ किलोबाइट. बावन्न पटीने सीडी वाचताना जास्तीत जास्त पावणेआठ एमबीच्या आसपास मजकूर येतो आणि सोळा पटीने डीव्हीडी वाचताना बावीस एमबी. चारही आकड्यांत डीव्हीडी लिहिण्याचा आकडा नाही, हेही इथेच लक्षात येतं.

भिंगाखाली काय घडतं

सीडी आणि डीव्हीडी दोन्ही १२० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या असतात. फरक आत आहे. छापील सीडीवर मजकूर सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असतो. आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेवर हे खळगे असतात आणि ती उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरते. सीडीत या रेषेच्या दोन वळणांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं आणि डीव्हीडीत ०.७४. खळगेही त्याच मानाने लहान होतात, सीडीवरचा सर्वांत आखूड खळगा ०.८३ मायक्रोमीटरचा आणि डीव्हीडीवरचा ०.४ मायक्रोमीटरचा. म्हणून सीडीत ७०० एमबी मावतात आणि एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी.

एवढे लहान खळगे वाचायला प्रकाशाचा ठिपकाही तेवढाच बारीक हवा. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण पुरतो. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल किरण लागतो. कॉम्बो ड्राइव्हमध्ये हे दोन्ही लेसर असतात आणि बहुतेक ड्राइव्हमध्ये ते एकाच हलत्या भिंगातून चकतीवर पडतात. जुना कॉम्बो सीडी उत्तम वाचतो पण डीव्हीडी ओळखत नाही, किंवा याच्या उलट, त्याचं कारण इथे आहे: दोनपैकी एक लेसर थकलेला असतो. ही गोष्ट माहीत असली की विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ जात नाही.

कोऱ्या सीडी-आरमध्ये खळगे नसतात. तिथे सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि त्यामागे चकाकणारा धातूचा थर. लिहिताना अवरक्त लेसरची शक्ती वाचनाच्या कितीतरी पट वाढवली जाते. किरण पडतो तिथलं रंगद्रव्य तापून कायमचं बदलतं, आणि वाचताना ती जागा खळग्यासारखी मंद दिसते. सीडी-आरडब्ल्यूमध्ये रंगद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. तो कमीजास्त तापवला की स्फटिकरूप आणि अस्फटिक अशा दोन अवस्थांत पलटतो, म्हणून लिहिलेलं पुसता येतं. कॉम्बोमधला लाल लेसर फक्त वाचण्याइतक्या शक्तीचा असतो. डीव्हीडीचं रंगद्रव्य तापवणं त्याच्या कुवतीत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर टाकून कॉम्बोचा डीव्हीडी रायटर होत नाही तो यामुळे.

आणखी एक गोष्ट हाताळणीच्या कामाची. डीव्हीडीत मजकुराचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन तबकड्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. सीडीत तो अगदी वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असतो आणि त्यावर फक्त लॅकरचा पातळ लेप असतो. चकचकीत बाजूला ओरखडा पडला तर किरणाला त्यातून वाट काढता येऊ शकते. वरच्या बाजूला खिळ्याने ओरखडा पडला तर मजकूरच उचकटून निघतो. आपण नेमकी चकचकीत बाजू जपतो आणि नावाची बाजू खाली करून टेबलावर घासतो. सवय बदलायला हवी.

कॅबिनेट उघडताना

काम सुरू करण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या घरचं अर्थिंग नीट नाही. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) आतले फिल्टर बॉडीशी जोडलेले असतात आणि अर्थिंग नसेल तर त्यांतून झिरपणारा करंट हाताला जाणवतो. आधी वायरमनला बोलवा, ड्राइव्ह नंतर बसवा. कोरड्या हिवाळ्यात अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून ड्राइव्हला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा.

कॉम्बोला सव्वापाच इंची खण लागतो. पुढची प्लास्टिकची पट्टी काढून ड्राइव्ह समोरून आत सरकवतात. सगळे स्क्रू आवळण्यापूर्वी तो पट्टीच्या सपाटीत आहे का ते पाहा. तिरका बसला तर ट्रे अडकतो. सोबत मिळालेले बारीक आट्याचे स्क्रूच वापरा. हार्ड डिस्कचे जाड आट्याचे स्क्रू आत गेले की आटे खराब होतात.

त्या काळातले बहुतेक कॉम्बो आयडीई जोडणीचे आहेत. मागे चाळीस पिनांची रांग, चार पिनांचं पॉवर सॉकेट आणि एक छोटा जंपर. एका आयडीई केबलवर दोन उपकरणं बसतात आणि त्यातलं एक मास्टर आणि दुसरं स्लेव्ह ठरवावं लागतं. ते जंपर ठरवतो. दोन्ही मास्टर ठेवली तर मशीन एकालाही ओळखत नाही किंवा सुरू होतानाच थांबतं. शक्य असेल तर हार्ड डिस्क पहिल्या चॅनलवर एकटी ठेवा आणि कॉम्बोला दुसऱ्या चॅनलवर मास्टर करा. एकाच केबलवर दोन्ही असली तर हार्ड डिस्कमधून वाचणं आणि सीडीवर लिहिणं यांना आळीपाळीने थांबावं लागतं, आणि लिहिताना तेच महागात पडतं.

ऐंशी तारांच्या केबलमध्ये निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला आणि मधलं राखाडी टोक स्लेव्हला लागतं. केबलच्या एका कडेला लाल रेघ असते. ती रेघ पहिल्या पिनेची, आणि ड्राइव्हवर पहिली पिन पॉवर सॉकेटच्या बाजूला असते. चार तारांच्या पॉवर प्लगमध्ये पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या ग्राउंडच्या. प्लगच्या एका बाजूचे कोपरे कापलेले असतात, त्यामुळे तो उलटा बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून पाहा.

कॅबिनेट बंद करण्यापूर्वी मशीन चालू करून डिलीट बटणाने बायोसमध्ये जा. दुसऱ्या चॅनलवर ड्राइव्हचं नाव दिसलं की जोडणी बरोबर आहे. विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सोबतच्या सीडीत असतं ते नीरोसारखं लिहिण्याचं सॉफ्टवेअर.

विंडोज एक्सपीचा एक दोष मात्र इथेच सांगायला हवा, कारण त्यामुळे चांगले ड्राइव्ह भंगारात गेले आहेत. डीएमए पद्धतीत ड्राइव्ह प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत मजकूर पोचवतो. ओरखडे पडलेली सीडी वाचताना पुन्हा पुन्हा चुका झाल्या की एक्सपी त्या चॅनलचा वेग एकेक पायरी खाली आणतं आणि शेवटी पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर नेतं. नंतर चांगली सीडी घातली तरी वेग वर येत नाही. सिनेमा अडखळतो, माऊस अडकतो, लिहिणं मध्येच फसतं. उपाय सोपा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. विंडोज चॅनल नव्याने ओळखतं आणि डीएमए परत मिळतो.

नव्या मदरबोर्डवर आयडीईची जागाच नसते. तिथे यूएसबी ते आयडीई कन्व्हर्टर चालतो, पण स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या. यूएसबीतून फक्त पाच व्होल्ट मिळतात आणि या ड्राइव्हच्या मोटरला बारा लागतात.

सीडी मारताना

‘सीडी मारून द्या’ म्हटलं की दुकानदार सर्वांत मोठा वेग निवडतो. त्याने किती वेळ वाचतो ते पाहू. ऐंशी मिनिटांची सीडी सोळा पटीने लिहायला पाच मिनिटं लागतात. बावन्न पटीने दीड मिनिट लागावं, पण तसं होत नाही. चकती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, तरी बावन्नचा वेग फक्त बाहेरच्या कडेला मिळतो. आतल्या भागात तो निम्म्याहून कमी असतो. प्रत्यक्षात अडीच-तीन मिनिटं जातात. म्हणजे दोन मिनिटांच्या बचतीसाठी आपण रंगद्रव्याला तापायला फार थोडा वेळ देतो आणि चकतीच्या थरथरण्याचा धोका पत्करतो. ठेवणीतली सीडी सोळा पटीनेच लिहावी, या मतावर मी ठाम आहे. अगदी एक-दोन पटीपर्यंत खाली यायचीही गरज नाही, कारण नंतरच्या काळातल्या चकत्यांची रंगद्रव्यं तेवढ्या संथ गतीसाठी बनवलेलीच नव्हती.

लिहिण्याआधी ड्राइव्ह चकतीच्या आतल्या कडेला राखीव जागेत लेसरची शक्ती कमीजास्त करून पाहतो आणि या चकतीला किती शक्ती हवी ते ठरवतो. तिथे धूळ किंवा बोटाचा ठसा असला तर अंदाज चुकतो आणि पूर्ण सीडी कमजोर लिहिली जाते. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत गावातल्या घरांत बारीक भुसा कुठेही पोचतो. त्या दिवसांत ट्रे उघडा ठेवू नका आणि कोरी चकती लिहायच्या क्षणीच डब्यातून काढा, कडेला आणि मधल्या भोकाला धरून.

लिहिणं सुरू झालं की लेसरला मजकूर अखंड मिळाला पाहिजे. सुरुवातीच्या रायटरमध्ये मजकूर क्षणभर उशिरा आला तरी सीडी वाया जायची. २००० साली सान्योने बर्न-प्रूफ हे तंत्र आणलं. मजकूर संपत आला की लेसर थांबतो, जागा लक्षात ठेवतो आणि पुन्हा तिथूनच लिहू लागतो. कॉम्बो ड्राइव्हमध्ये हे किंवा असंच दुसरं तंत्र असतं. पण लाइट गेली तर त्याचा काही उपयोग नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत विदर्भातल्या दुकानदारांना वेळापत्रक पाहून सीडी मारावी लागे. आजही लिहिताना यूपीएस असू द्या, आणि त्याची बॅटरी किमान दहा मिनिटं टिकते ना हे आधी तपासा.

सीडीत किती मावतं याचा हिशोबही माहीत असावा. एक पट वेगाने सीडीवरून सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात. ऐंशी मिनिटांत ३,६०,००० सेक्टर होतात आणि साध्या डेटा सीडीत प्रत्येकात २,०४८ बाइट असतात. एकूण ७०३ एमबी. सगळी जागा एकदम भरायची नसेल तर मल्टिसेशन निवडता येतं, पण नंतरचं प्रत्येक सेशन बंद करताना सुमारे तेरा एमबी खर्च होतात. रोज एक फोटो टाकत गेलात तर जागा फोटोंपेक्षा सेशनमध्येच जास्त जाईल.

फाइलींची नावं मराठीत ठेवत असाल तर सॉफ्टवेअरमध्ये जोलिएट हा पर्याय चालू आहे ना ते पाहा. आयएसओ ९६६० या मूळ पद्धतीत रोमन कॅपिटल अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढंच चालतं. जोलिएट युनिकोड वापरतं आणि नावाला ६४ चिन्हं देतं. या मोजणीत आपली मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त प्रत्येकी वेगळं चिन्ह धरलं जातं. ‘लग्न’ हा दोन अक्षरी शब्द तिथे चार चिन्हांचा होतो. लांबलचक मराठी नाव शेवटी तुटलेलं दिसतं ते याचमुळे.

लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा. वेळ जवळपास दुप्पट लागतो आणि लागू द्यावा. देण्याघेण्याची सीडी असेल तर डिस्क क्लोज करा, म्हणजे तिच्यावर पुढे कुणाला काही जोडता येणार नाही आणि टीव्हीच्या प्लेअरवरही ती चालेल. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने लिहा. कागदी लेबल चिकटवू नका. ते किंचित जरी एका बाजूला सरकलं तरी दहा हजार फेऱ्यांत चकती हेलकावते. भोकापाशी तडा गेलेली चकती तर ड्राइव्हमध्ये घालूच नका, ती आत फुटते आणि भिंगही घेऊन जाते.

सिनेमाच्या डीव्हीडीबद्दल थोडंसं. एक्सपीमध्ये डीव्हीडी चालवणारा डिकोडर नव्हता, म्हणून पॉवरडीव्हीडीसारखं सॉफ्टवेअर सोबत द्यायचे. आज मोफत मिळणारा व्हीएलसी पुरतो. सिनेमाची डीव्हीडी कुठल्या भागात चालावी हे तिच्यावरचा रीजन क्रमांक ठरवतो; भारताचा रीजन पाच आणि अमेरिकेचा एक. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली सिनेमाची डीव्हीडी घातली की ड्राइव्ह रीजन बदलू का म्हणून विचारतो. असा बदल पाचदाच करता येतो आणि पाचव्यानंतरचा रीजन कायमचा राहतो. घरी लिहिलेल्या डीव्हीडीला रीजन नसतो.

कोर्टात पोचलेली सीडी

सीडी लिहिणं किती गंभीर काम असू शकतं हे जालन्याच्या एका खटल्याने दाखवलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिलं. उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला, असा त्यांचा मुद्दा होता. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या व्हिडिओ सीडी. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागायचं, आणि वारंवार मागूनही ते मिळालं नव्हतं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मूळ यंत्रच हजर करत नसाल तर प्रमाणपत्र अनिवार्यच आहे, पण मिळवण्यासाठी शक्य ते सगळं करूनही ज्याला ते मिळालं नाही, त्याचा पुरावा त्या कारणाने बाद करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्यही द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलीतल्या सगळ्या बाइटांवरून गणिताने काढलेली खूण. एक बाइट बदलला तरी ती वेगळी येते. जमिनीच्या वादात किंवा अपघाताच्या दाव्यात कुणी चित्रीकरणाची सीडी मागितली तर ती क्लोज करून द्या, आणि हॅश त्याच वेळी काढून ठेवा.

जुन्या चकत्या वाचवताना

सीडी-आरचं रंगद्रव्य उष्णता, उजेड आणि ओल यांनी उतरतं. वैशाखात पत्र्याखालचा माळा ही तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा, आणि त्यानंतर कूलरसमोरचं शोकेस. गार हवेच्या नावाखाली तिथे दिवसभर ओल येत असते. लोखंडी कपाटाचा मधला कप्पा बरा, चकत्या उभ्या ठेवलेल्या असाव्यात.

ओरखड्यांबाबत चकतीच्या रचनेतच मोठी सोय आहे. सलग बाइट चकतीवर विखरून लिहिले जातात आणि सोबत जादा तपासणी-बाइट असतात. रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी मजकूर पूर्ण परत मिळतो. त्रिज्येच्या दिशेचा ओरखडा प्रत्येक वळणाला फक्त क्षणभर छेदतो. गोल ओरखडा एकाच वळणावरून लांबवर जातो आणि ही मर्यादा ओलांडतो. म्हणून चकती नेहमी मधून बाहेर सरळ पुसायची, मऊ सुती कापडाने, लागलंच तर पाण्यात थोडा सौम्य साबण घालून.

लग्नाच्या व्हीसीडीची गोष्ट वेगळी. तिच्या व्हिडिओ सेक्टरमध्ये २,०४८ ऐवजी २,३२४ बाइट चित्राला दिलेले असतात. ही जागा मिळते ती चूक-दुरुस्तीचा शेवटचा थर काढून टाकल्यामुळे. चित्रात एखादा ठिपका चुकला तर बिघडत नाही, असा त्यामागचा विचार. पण त्यामुळे आतली डॅट फाइल साध्या पद्धतीने कॉपी करायला गेलं की एका ओरखड्यावर विंडोज पूर्ण कॉपीच थांबवतं. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर खराब सेक्टर सोडून पुढे जातं. एखाद्या जागी चित्र फुटतं, बाकीचं लग्न हाती लागतं. डेटा सीडी आणि घरच्या डीव्हीडीसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू चांगलं. ते आधी सोपे भाग उचलतं, अवघड जागांची नोंद ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर पुन्हा वळतं. ती नोंद जपून ठेवली तर उरलेले भाग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहता येतात, आणि दोन ड्राइव्ह एकाच चकतीवर वेगवेगळ्या ठिकाणी अडखळतात हा अनुभव अनेकांचा आहे. एमआरआयच्या सीडीतले फोल्डर मात्र जसेच्या तसे, नावं न बदलता उतरवायचे. त्यातली डायकॉमडिर नावाची फाइल चित्रांचा क्रम सांगते आणि तिला जुनीच नावं माहीत असतात.

एकदा उतरवलं की दोन ठिकाणी ठेवा आणि काही वर्षांनी पुन्हा नव्या साधनावर घ्या. याच जिल्ह्यातल्या कारंज्यात हे काम शतकानुशतकं चाललं. तिथल्या जैन भांडारांतल्या हस्तलिखितांच्या आधारे १९३१ साली प. ल. वैद्यांनी ‘जसहरचरिउ’ आणि १९३३ साली हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ संपादित केलं. पुष्पदंताची ही अपभ्रंश काव्यं दहाव्या शतकातली. कवीच्या हातची प्रत उरली म्हणून ती आपल्यापर्यंत आली नाहीत. जुनी पोथी जीर्ण होण्याआधी कुणीतरी बसून नवी प्रत केली, आणि पुढच्याने तिच्यावरून आणखी एक.

या सगळ्याला चालू स्थितीतला ड्राइव्ह हवा. लेसर थकला तर त्याच्या बाजूचा छोटा स्क्रू फिरवून शक्ती वाढवण्याचा सल्ला काही कारागीर देतात. त्याने थोडे दिवस जातात आणि लेसर कायमचा जातो. त्यापेक्षा दुसरा ड्राइव्ह शोधा. जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत कॉम्बो अजून मिळतात. जाताना तीन चकत्या सोबत घ्या: एक छापील गाण्यांची सीडी, एक घरी लिहिलेली सीडी आणि एक सिनेमाची डीव्हीडी. पहिली न चालली तर मोटर किंवा भिंगाचा दोष, फक्त दुसरी न चालली तर अवरक्त लेसर कमजोर, तिसरी न चालली तर लाल. प्रत्येक चकती शेवटच्या गाण्यापर्यंत किंवा शेवटच्या प्रसंगापर्यंत सरकवून पाहा, कारण कमजोर ड्राइव्ह आतली वळणं वाचतो आणि बाहेरच्या कडेला थांबतो. ट्रे अडकला तर पुढच्या पट्टीवरच्या बारीक छिद्रात मशीन बंद असताना सरळ केलेली कागदाची पिन घालून तो उघडतो का, तेही दुकानातच बघून घ्या.